फिशटँकचं पाणी: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार येणारे प्रश्न

कळवा, ऐरोलीपासून पार खारघर-पनवेलपर्यंतच्या लोकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, बहुतेक रात्री अकरानंतर आणि बहुतेक वेळा सोबत उलट्या पडलेल्या माशाचा फोटो. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. हे फक्त गोड्या पाण्याच्या टँकबद्दल आहे, मरीनवाल्यांचं गणित पूर्ण वेगळं. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिसला तर आधी तो वाचा, मग मेसेज करा.

१. नळाचं पाणी आपण पितोच की, मग माशांना डायरेक्ट का नाही चालत?

क्लोरीनमुळे. आणि तो पाण्यात असायलाच हवा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक लागतो. आपण ते पाणी पोटात घेतो, मासा त्यातूनच श्वास घेतो, त्यामुळे त्याचे कल्ले भाजतात. वर फिल्टरमधले कामाचे बॅक्टेरियापण मरतात (ते का महत्त्वाचे, प्रश्न ५).

उपाय दोन. बादलीत किंवा ड्रममध्ये पाणी भरून एअरस्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून २४ तास ठेवा, क्लोरीन उडून जातो. किंवा अँटीक्लोरीन घाला. दुकानात खडे किंवा थेंब मिळतात ते बहुतेक सोडियम थायोसल्फेटच असतं, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. काही मिनिटांत काम करतं. बादलीत घालत असाल तर बादलीचा डोस, पण पाइप लावून सरळ टँकमध्ये पाणी सोडत असाल तर पूर्ण टँकच्या लिटरचा डोस, आणि तोपण पाणी सोडायच्या आधी. टँकचे लिटर काढायला लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा. २ बाय १ बाय १ चा टँक म्हणजे ५६ लिटर, दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा धरून ५० समजा.

परदेशी व्हिडिओ बघून क्लोरामाइनबद्दल (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) विचारणारे बरेच असतात. आपल्याकडे पालिकेच्या पाण्यात मुख्यतः साधा क्लोरीनच असतो, त्यामुळे महागडी इम्पोर्टेड बाटली घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

२. माझा मित्र वाशीला राहतो, तो काहीच करत नाही आणि त्याचे मासे मस्त आहेत. मी घोडबंदरला तेच केलं तर मरतात. असं का?

कारण पाणी एक नाहीये. ठाण्यालाच पाणी तीन-चार ठिकाणांहून येतं, महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवरची, स्टेम ह्या पाणीपुरवठा संस्थेचं उल्हास नदीचं, काही भागाला एमआयडीसीचं, थोडं मुंबई महापालिकेचं. नवी मुंबईला खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण, सिडकोच्या नोड्सना हेटवणे, पनवेलला देहरंग. ही सगळी सह्याद्रीत पडलेल्या पावसाची पाणी, काळ्या बेसाल्टवरून वाहत आलेली, त्यामुळे चुनखडीच्या भागातल्या पाण्याइतकी जड नसतात.

पण तुमच्या सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीत त्याच्यात काय मिसळतं तो खरा प्रश्न. घोडबंदरच्या कितीतरी कॉम्प्लेक्समध्ये पालिकेचं पाणी, बोअरिंग आणि टँकर तिन्ही एकाच टाकीत जातात, आणि मे महिन्यात टँकर वाढले की तेच नळाचं पाणी वेगळं होतं. त्यामुळे मित्राचा रिझल्ट विसरा, स्वतःच्या किचनच्या नळाचं पाणी मोजा, उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा. बोअरवेलबद्दल प्रश्न १० बघा.

३. पीएच, जीएच, केएच, टीडीएस... नक्की काय काय मोजायचं? डोकं फिरतं.

पीएच म्हणजे पाणी किती आंबट ह्या टाइपचं माप, ७ म्हणजे न्यूट्रल, खाली ॲसिडिक, वर अल्कलाइन. ७ वरून ८ झालं म्हणजे थोडंसं वाढलं असं नाही, दहा पटीचा फरक झाला.

जीएच म्हणजे पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो ते, ज्यात साबणाला फेस येत नाही.

केएच म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट, आणि माझ्या मते ह्या सगळ्यांत महत्त्वाचा आकडा हाच, पण दुकानात कोणी त्याचं नाव घेत नाही. टँकमध्ये माशांच्या घाणीमुळे सतत ॲसिड तयार होत असतं, केएच ते शोषून घेतो आणि पीएच जागेवर ठेवतो. शॉकअप गेलेल्या स्कूटरवर बसलात की प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो ना, केएच नसलेल्या टँकमध्ये पीएचचं तेच होतं. जीएच-केएच डिग्रीमध्ये मोजतात, १ डिग्री म्हणजे साधारण १८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम).

टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच्या सगळं मिळून, त्याचं प्रश्न ११ मध्ये. सुरुवातीला अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच एवढं मोजलंत तरी खूप.

४. स्ट्रिप घेऊ की लिक्विड किट?

लिक्विड. स्ट्रिप स्वस्त वाटते, पण आपल्या दमट हवेत डबी दोन-चारदा उघडली की रंग भलतेच दाखवायला लागते, आणि बऱ्याच स्ट्रिपमध्ये अमोनिया नसतोच. लिक्विडमध्ये नायट्रेटची दुसरी बाटली असते ती जोरात हलवा, म्हणजे खरंच अर्धा मिनिट टेबलावर आपटून हलवा, तिच्या तळाशी पावडर बसलेली असते. न हलवता टेस्ट केली की नायट्रेट शून्य दिसतो आणि माणूस खूश होऊन पाणी बदलायचं बंद करतो. एक्स्पायरी डेट बघून घ्या, दुकानात जुना माल पडून असतो.

५. नवीन टँक आणला, पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी आठवड्यात सगळे मासे गेले. दुकानदाराने आजारी मासे दिले का?

बहुतेक नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे म्हणून जरा नीट सांगतो.

माशाच्या कल्ल्यातून आणि विष्ठेतून, उरलेल्या दाण्यातून अमोनिया निघतो. तो दिसत नाही, थोड्या प्रमाणात असला तर वासही येत नाही, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासा आरामात मरू शकतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर बॅक्टेरियाची वस्ती असते, नायट्रोसोमोनास अमोनियाचा नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा त्याचा नायट्रेट करतात. नायट्राइटपण विषारी, तो माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद मारतो. नायट्रेट बराच सौम्य, तो पाणी बदलून कमी करायचा, ४० पीपीएमच्या खाली राहिला तरी बहुतेक माशांना चालतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, ह्यालाच टँक सायकल होणं म्हणतात. तुम्ही रविवारी टँक आणून रविवारीच दहा मासे सोडले, तर ते सगळं विष त्यांनाच प्यावं लागलं.

मासे न सोडता सायकल करा. फिल्टर चालू, रोज चिमूटभर दाणे टाका, ते कुजून अमोनिया देतील, आणि टेस्ट करत राहा. आधी अमोनिया वर जातो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्य होऊन नायट्रेट दिसायला लागला की टँक तयार. घाई असेल तर ज्याचे मासे ठणठणीत आहेत अशा ओळखीच्या माणसाच्या चालू फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. तो घरी आणताना ओला ठेवा, आणि आईने तो धुवून ठेवू नये म्हणून आधीच सांगून ठेवा.

मासे आधीच सोडले असतील तर दाणे एक दिवसाआड, तेही अगदी थोडे, आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसला की ३०-४० टक्के पाणी बदला, रोज लागलं तरी रोज.

६. दुकानदार म्हणतो पीएच बरोब्बर ७ पाहिजे, माझा ७.८ येतो. पीएच डाउन घालू का?

नका घालू. मला विचाराल तर टँक मारायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच आहे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक मासे फार्ममध्ये वाढलेले असतात आणि ६.८ ते ७.८ मध्ये कुठेही सेट होतात. त्यांना त्रास होतो तो बदलाचा. तुम्ही ॲसिडचे थेंब घालता, पीएच ७ वर येतो, पाण्यात केएच असतो तो रात्रीत परत वर ढकलतो, सकाळी तुम्ही परत घालता, आणि एक दिवस केएच संपतो आणि पीएच धाडकन खाली येतो. मासा ७.८ मध्ये वर्षभर मजेत राहिला असता तो त्या एका रात्रीत जातो.

अजून एक, नळाचं ताजं पाणी लगेच मोजू नका. पाइपातून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वेगळं असतं, ग्लासभर पाणी २४ तास उघडं ठेवून मग मोजा, तो तुमचा खरा पीएच.

७. आणि मुद्दाम वाढवायचा असेल तर? केएच १ येतो.

केएच २ च्या खाली असेल तर वाढवाच, किमान ३-४ ठेवा. स्वयंपाकघरातला खायचा सोडा चालतो. ५० लिटरला दीड ग्रॅम घातला की केएच साधारण १ डिग्री वाढतो, म्हणजे पाव चमच्यापेक्षा थोडा जास्त, सपाट. मगभर पाण्यात विरघळवून घाला आणि दिवसाला १ डिग्रीपेक्षा जास्त वाढवू नका. धुण्याचा सोडा वेगळा, बेकिंग पावडर वेगळी, इनो वेगळं, ही तिन्ही टँकपासून लांब. टँकमध्ये अमोनिया असेल तर सोड्याला हात लावायच्या आधी प्रश्न १७ वाचा.

सोड्याने जीएच वाढत नाही. दोन्ही हवे असतील तर कोरलचे तुकडे किंवा धुतलेले शिंपले जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा, ते पाणी आंबट झालं की हळूहळू विरघळतात आणि आपोआप थांबतात. सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी हेच बेस्ट.

८. कमी करायचा असेल तर लिंबू पिळू का? तुरटी?

दोन्ही नाही. लिंबाचं सायट्रिक ॲसिड बॅक्टेरिया खाऊन टाकतात आणि पीएच परत वर, मधल्या मध्ये पाणी ढगाळ. तुरटी केएच खाते आणि तिच्यातलं ॲल्युमिनियम आंबट पाण्यात माशाच्या कल्ल्यांना घातक असतं. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात घरी तुरटी फिरवता ना, ते पाणी टँकला नको.

थोडा ॲसिडिक आणि चहासारखा रंग हवा असेल तर बदामाची पानं. आपल्याकडे सोसायटीच्या गेटपासून शाळेच्या मैदानापर्यंत सगळीकडे ते देशी बदामाचं झाड असतं. स्वतः गळून पडलेलं, तांबडं-तपकिरी वाळकं पान घ्या, हिरवं तोडू नका. रस्त्याच्या कडेचं किंवा औषध फवारणी झालेल्या जागेचं नको. धुवून, ५० लिटरला एक-दोन पानं. फायटर माशाला फार आवडतं. पण केएच जास्त असेल तर पानाने फक्त रंग येईल, पीएच हलणार नाही. खरोखर खाली आणायचा असेल तर आरओ मिसळणं हाच मार्ग, पुढचा प्रश्न.

९. घरी आरओ आहे, तेच पाणी भरलं तर एकदम शुद्ध होईल ना?

शुद्ध होईल, पण जगण्यालायक राहीलच असं नाही. आरओमध्ये केएच-जीएच जवळपास शून्य, त्यामुळे पीएच कुठेही भटकतो, आणि माशालाही पाण्यातून क्षार लागतातच. नुसतं आरओ कधीच भरू नका. नळाचं आणि आरओ अर्धं-अर्धं मिसळलं की जीएच-केएच साधारण अर्धे होतात, नळाचा केएच ६ असेल तर ३ होईल, एवढं सरळ गणित आहे. डिस्कस किंवा जंगली एंजल पाळणाऱ्यांना हे लागतं, गप्पी-मॉलीवाल्यांनी उगाच पाणी वाया घालवू नये, घरगुती आरओ जेवढं देतो त्यापेक्षा जास्त बाहेर फेकतो.

ते बाहेर फेकलेलं पाणी टँकला वापरू का, हाही प्रश्न येतो. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, नको, लादी पुसा.

आणि बिल्डिंगला सॉफ्टनर प्लांट असेल तर लक्षात घ्या की तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. पाणी मऊ वाटतं, साबणाला फेस येतो, पण नियॉन टेट्रासारख्या माशाला हवं असतं ते मऊ पाणी हे नव्हे.

१०. आमच्याकडे फक्त बोअरवेल आणि टँकर. मासे पाळूच नको का?

पाळा, पण पाण्याप्रमाणे मासे निवडा. बोअरचं पाणी जड असेल तर मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि आफ्रिकन सिक्लिड खूश असतात. क्लोरीन बहुतेक नसतो, पण टँकरवाला किंवा वॉचमन टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो त्याचा नेम नाही, म्हणून अँटीक्लोरीन घालाच. खाडीच्या जवळच्या बोअरला खारटपणा असू शकतो, चव घेऊन कळतो. बोअरचं ताजं पाणी एअरस्टोन लावून रात्रभर ठेवा, जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. लोखंड असेल तर सकाळी बादलीच्या तळाला तांबूस थर बसलेला दिसतो, तेवढं तळाचं सोडून वरचं पाणी वापरा.

११. टीडीएस मीटर दीडशे-दोनशेला मिळतो, तो घेतला की बाकी किट नको ना?

मीटर घ्या, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. तो किती विरघळलंय एवढंच सांगतो, काय विरघळलंय ते नाही. मिठाने आलेला ३०० आणि कॅल्शियमने आलेला ३०० त्याला सारखेच, आणि अमोनिया माशाला मारेल इतका असला तरी टीडीएसवर फरक दिसणार नाही. उपयोग कुठे? नळाच्या पाण्यात अचानक बदल झाला का हे पकडायला, आणि टँकचा टीडीएस नळापेक्षा खूप वर गेलाय का बघायला, म्हणजे पाणी बदलायला उशीर होतोय.

१२. कुठल्या माशाला कसं पाणी? एक टेबल द्या ना.

टेबल देत नाही, लोक त्यातला आकडा पकडून प्रश्न ६ मधला गोंधळ घालतात. ढोबळ सांगतो. गप्पी, मॉली, प्लॅटी जड आणि ७ च्या वरचं पाणी. गोल्डफिश ७ ते ८, पण त्यांची घाण इतकी की पीएचपेक्षा अमोनियाची काळजी करा. मलावी सिक्लिड ७.८ ते ८.६. फ्लॉवरहॉर्न ७ ते ८. फायटर ६.५ ते ७.५. नियॉन, कार्डिनल मऊ आणि ७ च्या खालचं. डिस्कसला मऊ आणि वर २८ ते ३० डिग्री गरम.

मॉली आणि नियॉन एकत्र ठेवायचा हट्ट असतो बऱ्याच जणांचा. मधल्या पाण्यात दोघं जगतात, पण मॉली सहसा आधी झिंगायला लागते, पंख मिटून जागच्या जागी डोलते. ते दिसलं की समजा पाणी तिला हलकं पडतंय.

१३. दर महिन्याला सगळं पाणी काढून, दगड-फिल्टर घासूनपुसून धुतो, तरी मासे का मरतात?

तरी नाही, त्यामुळेच. सगळे बॅक्टेरिया धुवून टाकता आणि दर महिन्याला नवीन टँक सुरू करता (प्रश्न ५). आठवड्याला २०-२५ टक्के पाणी सायफनने तळाची घाण ओढत काढा, नवीन पाणी तेवढ्याच तापमानाचं भरा. दुपारी टेरेसच्या टाकीचं पाणी केवढं तापलेलं असतं ते हात घालून बघा, मे महिन्यात भाजतो. स्पंज त्याच काढलेल्या टँकच्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही. काच पुसायला साबण, फिनाइल काही नाही.

१४. पावसाळ्यात नळाला मातकट पाणी येतं आणि मासे सुस्त होतात. काय करू?

पावसाळ्यात धरणात, नदीत गढूळ पाणी येतं, शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखी रसायनं जास्त लागतात, ती केएच आणि पीएच खाली आणतात, आणि क्लोरीनचा डोसही वाढू शकतो. त्यात पावसाचं पाणी मुळातच हलकं. म्हणजे तुमचा मार्चचा केएच ५ असेल तर जुलैत तो तेवढा असेलच असं नाही. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तरी नळाचा केएच बघा आणि एकावेळी १० ते १५ टक्केच बदला.

शटडाऊननंतर पहिलं येणारं पाणी टँकमध्ये कधीच नाही. पाइपलाइनमधला सगळा गाळ त्यात असतो. शुक्रवारी पाणी बंद असेल तर शनिवार सोडा, रविवारी बदला. ढगाळ हवेत टँकमधली झाडं ऑक्सिजन कमी देतात, तेव्हा एअर पंप चालूच ठेवा.

१५. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, उद्या टाकी सफाई. काही करायला पाहिजे का?

हो, आजच दोन बादल्या भरून ठेवा. टाकी सफाईत ब्लीचिंग पावडर घासतात आणि नंतर नीट धुतात की नाही ते वॉचमनलाच माहीत. दोन-तीन दिवस नळाला स्विमिंग पूलसारखा वास येतो, तेवढे दिवस टँकला हात लावू नका. टाकीला नवीन वॉटरप्रूफिंग किंवा सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर जास्तच थांबा, ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच ९ च्याही वर जाऊ शकतो. टेरेसवर स्वतः सिमेंटची टाकी बांधून त्यात गप्पी सोडणाऱ्यांनाही हेच लागू, आधी काही आठवडे पाणी भरून-ओतून चुना काढून टाका.

१६. मीठ घालायचं का? किती? टाटाचं चालेल का?

रोजच्या टँकला गरज नाही. मीठ पीएच वाढवत नाही, केएचही नाही, हा मोठा गैरसमज आहे. मिठाचा खरा उपयोग नायट्राइट वाढला तेव्हा, मिठातलं क्लोराइड कल्ल्यातून आत शिरणाऱ्या नायट्राइटला अडवतं. लिटरला १ ग्रॅम पुरतं, म्हणजे ५० लिटरला ५० ग्रॅम, तेही दोन-तीन हप्त्यांत विरघळवून. जाडं खडे मीठ घ्या, नसेल तर साधं आयोडीनवालंही एखाद्या वेळी चालतं, त्यातलं आयोडीन अगदी किरकोळ असतं. कोरीडोरास, लोच आणि बरीच झाडं मिठाला कंटाळतात. आणि पाणी उडून गेलं तरी मीठ आतच राहतं, म्हणून परत भरताना पुन्हा मीठ घालत बसू नका, फक्त बदललेल्या पाण्यापुरतं घाला.

१७. वर्षभर पाणी बदललं नव्हतं तरी मासे मस्त होते. परवा हौसेने अर्धं बदललं आणि रात्रीत सगळे मेले! मग न बदललेलंच बरं ना?

हा सगळ्यात फसवा प्रकार, आणि समजला तर पाण्याची केमिस्ट्री खरी कळली असं समजा.

बॅक्टेरिया अमोनिया खाताना केएच वापरतात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (केएच मोजतो ती हीच). पाणी बदललं नाही की केएच हळूहळू संपतो, पीएच ६ च्या खाली जातो. त्या आंबट पाण्यात बॅक्टेरियाच मंदावतात आणि अमोनिया साठायला लागतो. पण मासे मरत नाहीत, कारण कमी पीएचला तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप खूप कमी विषारी. २५ डिग्रीला पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. आता तुम्ही नळाचं ७.८ चं पाणी अर्धा टँक ओतलंत. पीएच वर गेला आणि महिनोन्महिने साठलेलं सगळं तासाभरात विष झालं.

कळव्याच्या एका घरी ऑस्करच्या टँकचा केएच बघितला होता. त्या टेस्टमध्ये नळीतलं पाणी आधी निळं होतं आणि थेंब मोजत जायचं, पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितका केएच. तिथे निळं आलंच नाही, पहिल्याच थेंबाला पिवळं. ऑस्कर मात्र समोर दाणे मागत होता. अशा टँकमध्ये आधी अमोनिया मोजा, मग रोज ५ ते १० टक्केच बदला, दोन-तीन आठवडे, आणि अमोनिया खाली आल्यावरच केएच वाढवा. सोडा घालून पीएच एकदम वर नेलात तरी तोच अनर्थ होणार.

१८. पिशवीतले नवीन मासे सोडताना किती वेळ ठेवायचं?

कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटहून तासा-दीड तासात आणलेले असतील तर पिशवी पंधरा मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी घाला, अर्ध्या-पाऊण तासाने जाळीने मासा सोडा, पिशवीचं पाणी बेसिनमध्ये.

कुरिअरने दुसऱ्या शहरातून आलेल्या माशांना मात्र उलटं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, अमोनियाही साठलेला. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो, आणि प्रश्न १७ मधलाच खेळ छोट्या पिशवीत सुरू होतो. इथे तापमान जुळवून झालं की पिशवी उघडून लांबवत बसू नका, लगेच जाळीने सोडा.

१९. टँकमध्ये पांढरे संगमरवरी खडे घातलेत, पीएच ८ च्या खाली येतच नाही.

येणार नाही, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खात्री करायची तर एक खडा पुसून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि कानाजवळ धरा, बारीक चुरचुर ऐकू येईल, बुडबुडे दिसतील. अलिबागहून आणलेले शंख-शिंपले, कोरल, सगळ्यांची हीच टेस्ट. गप्पी, सिक्लिड असतील तर राहू दे, उलट फायदाच. नियॉन असतील तर खडे काढा, काळी वाळू घाला.

२०. झाडांचा टँक आहे, सकाळी पीएच ६.८ आणि संध्याकाळी ७.४. किट खराब आहे का?

किट बरोबर आहे. दिवसा झाडं कार्बन डायऑक्साइड खातात म्हणून पीएच चढतो, रात्री सगळेच श्वास सोडतात म्हणून उतरतो. हा बदल माशांना चालतो. रोज एकाच वेळी मोजा म्हणजे तुलना होईल.

२१. मे महिन्यात पाणी ३३ डिग्री आणि मासे वर येऊन तोंड मारतायत. लाइटपण गेलीय. लगेच काय करू?

आधी दाणे बंद. मगाने टँकचंच पाणी काढून फूटभर वरून परत ओतत राहा, त्याने हवा मिसळते. २० डिग्रीला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाला लागतो जास्त. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवाच, पॉवरबँकवर चालणारेही मिळतात.

लाइट आली की झाकण काढा, टँकवर तिरका टेबल फॅन लावा, दोन-तीन डिग्री उतरतं. फॅनने उडालेल्या पाण्याची भरपाई आरओने करा, कारण क्षार उडत नाहीत, आत साठतात. बर्फ सरळ टाकू नका, गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा. आणि तोंड मारणं ऑक्सिजनमुळेच असेल असं नाही, एअर पंप जोरात चालू असूनही मारत असतील तर नायट्राइट मोजा.

लाइट चार-पाच तास गेली असेल तर बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तसाच चालू करू नका, आतलं सडलेलं पाणी टँकमध्ये येतं. आधी उघडून ते पाणी ओता.

२२. टँकचं काढलेलं पाणी झाडांना घालू का?

घाला की, तुळस, मनीप्लांट, गॅलरीतली मिरची, सगळ्यांना नायट्रेट आवडतो. मीठ किंवा निळं औषध घातलेलं असेल तेव्हा मात्र सरळ बाथरूममध्ये ओता.